नलिनीबाईंचे विराम

नागपूरच्या दूरोपचार केंद्राची प्रयोगशाळा तळघरात होती. वर वैशाखातल्या उन्हानं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं आणि खाली मात्र लोक स्वेटर घालून बसलेले असायचे. यंत्रांना गारवा लागतो म्हणून ही सोय. डॉ. नलिनी टेंभुर्णे जिना उतरून आल्या तेव्हा घामानं भिजलेला त्यांचा पदर एकदम गार पडला आणि अंगावर काटा आला.

यशोधन कडू या अभियंत्यानं खुर्ची पुढे केली. केंद्राचं सल्लायंत्र त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घडवलं होतं. वयानं तो नलिनीबाईंपेक्षा बराच लहान होता, पण यंत्राबद्दल त्याचा शब्द शेवटचा असायचा.

"बसा न मॅडम. चहा सांगतो."

"चहा राहू दे. कशाला बोलावलंस ते सांग. माझे रुग्ण खोळंबलेत."

"तुमचे रुग्ण हल्ली खोळंबत नाहीत," यशोधन म्हणाला. "त्याबद्दलच बोलायचं होतं."

दूरोपचाराची पद्धत आता सगळ्या विदर्भाच्या अंगवळणी पडली होती. मनाच्या आजाराचा माणूस घरी बसूनच पडद्यासमोर बोलायचा. ज्याला तोंड दाखवायला संकोच वाटे, तो नुसत्या आवाजावर बोलायचा. सल्लायंत्र त्याचं ऐकून घ्यायचं, जुन्या तपासण्या पाहायचं आणि औषध कोणतं, किती, ते सुचवायचं. मात्र कायदा असा होता, की माणूस असलेल्या डॉक्टरनं मान्यतेची कळ दाबल्याशिवाय औषध निघणार नाही. कळ दाबली, की औषध घरपोच. जिथं मनोविकारतज्ज्ञ गाठायला अर्धा जिल्हा ओलांडावा लागे, तिथल्या माणसांना ही सेवा म्हणजे मोठाच आधार होता. नलिनीबाई पहिल्या दिवसापासून इथं कळ दाबत आल्या होत्या.

यशोधननं भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख आणला. वर्षानुवर्षं सपाट चाललेली रेघ यंदाच्या चैत्रापासून एकदम वर चढली होती.

"हे लिथियम घेणारे रुग्ण. रक्तातलं औषध वाढून दवाखान्यात भरती झालेले. इतक्या वर्षांत उन्हाळ्यात असं कधी झालं नव्हतं. आधी मला सांगा, उन्हाचा आणि या औषधाचा संबंध काय? मी डॉक्टर नाही, मला पोराला सांगावं तसं सांगा."

नलिनीबाईंना शिकवायला आवडायचं. त्या जरा सैलावल्या. "लिथियम हा मिठाचाच भाऊबंद. मूत्रपिंडाला दोघांत फारसा फरक कळत नाही. उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड म्हणतं, मीठ जपून ठेवा. ते मीठ धरायला जातं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून बसतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं औषध वाढत जातं. त्यात गुडघेदुखीच्या काही गोळ्या घेतल्या तर आणखी वाढतं. हात कापायला लागतात, बोलणं जड होतं, तोल जातो. या औषधाचं उपयोगी प्रमाण आणि घातक प्रमाण अगदी शेजारीशेजारी आहे."

"म्हणजे उन्हाळ्यात आधी रक्त तपासायचं, मग गोळी द्यायची."

"हो. आणि पाणी पितो का, उपवास निर्जळी आहे का, दुखण्यावर काय घेतो, हे विचारायचं."

"आता माझी पाळी," यशोधन म्हणाला. "हे यंत्राला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात ते आपणहून रक्ततपासणी मागायचं. आम्ही कधी शिकवलं नव्हतं. मग कोणाकडून शिकलं? तुमच्याकडून, मॅडम."

"मी यंत्राला काय शिकवणार? मी नुसती कळ दाबते."

"दाबण्याआधी थांबता. शाळेत गुरुजी तोंडी पाढे घ्यायचे, आठवतं? उत्तर सगळेच बरोबर द्यायचे. पण एखादा पोरगा 'सात आठे' म्हणून अंमळ थांबला, की गुरुजींची नजर तिकडे. उत्तरापेक्षा थांबण्यातून गुरुजींना जास्त कळायचं. यंत्राचं तसंच झालं. डॉक्टर सल्ला क्वचितच बदलतात, जवळजवळ नेहमी मान्यच करतात. मग यंत्र शिकणार कशावरून? त्याला आढळलं, की काही रुग्णांपाशी डॉक्टरचं बोट कळीवर येऊन थबकतं. आणि जिथं ते थबकतं, तिथं पुढं काहीतरी बिघडण्याचा संभव जास्त. आम्ही त्याला विरामवेध म्हणतो. डॉक्टर थांबला, की यंत्र तशा सगळ्या रुग्णांच्या बाबतीत सावध होतं. मग ते रुग्ण भलत्याच डॉक्टरचे असले तरी."

"हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर लोक मुद्दाम थांबले असते न. आणि तुमचे विराम सगळ्यांत अचूक. यंत्र तुमच्या थांबण्यावर जेवढा भरवसा ठेवतं, तेवढा दुसऱ्या कोणाच्याच नाही. खरं सांगायचं, तर सगळ्या विदर्भाचा उन्हाळा तुमच्या एका बोटावर चालला होता." त्यानं आलेखावर दुसरी रेघ आणली. "आणि होळीनंतर हे असं झालं."

ती रेघ खाली कोसळली होती.

"तुम्ही थांबणं सोडलं. यंत्रानं अर्थ काढला, की यंदा धोका नाही. रक्ततपासण्या मागणं बंद. गोळ्या सरळ घरोघर." यशोधननं आवाज खाली आणला. "दोष द्यायला नाही बोलावलं मॅडम. फक्त कारण शोधतोय. कोणी डॉक्टर आजारी पडला, मनावरचं औषध घ्यायला लागला, तर केंद्राला कळवायचं असा नियम आहे. तो याच्यासाठीच. त्याचे विराम यंत्र काही काळ बाजूला ठेवतं आणि जुन्या सावधपणावरच चालतं. पण तुमचं तर तसं काही नाही."

नलिनीबाई पडद्याकडे पाहत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "सवयीनं हात चालत असेल."

"त्या यादीत तुमचीही एक रुग्ण आहे. आर्वीकडच्या सुमन उईके. इथंच मोठ्या दवाखान्यात आणलंय."

नलिनीबाई जिना चढून वर आल्या. खोटं त्या आज पहिल्यांदा बोलल्या नव्हत्या.

गेली काही वर्षं त्यांना एका विचारानं पोखरलं होतं, की आपल्या हातून माणसांचं वाईट होतंय. एकेक औषध त्या पुन्हापुन्हा पडताळायच्या. जेवताना घास हातात धरून उठायच्या आणि सकाळी मान्य केलेलं औषध पुन्हा उघडून बघायच्या. नवरा थट्टेनं म्हणायचा, "तुझ्या रुग्णांना तू बरी करतेस, आणि तुला कोण?" थट्टाच होती, पण खरी होती. हा मंत्रचळ आहे आणि त्यावर औषध आहे, हे त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं. तेच औषध एखाद्या सहकाऱ्याकडे मागायचं मात्र त्यांच्यानं झालं नाही. नागपुरात मनोविकारतज्ज्ञ एकमेकांना ओळखून. उद्या परिषदेत कोणीतरी हळूच म्हणेल, टेंभुर्णे मॅडमचं स्वतःचंच ठीक नाही म्हणे. मग त्या आपल्याच केंद्राच्या दारात मागच्या बाजूनं शिरल्या. आईचं नाव सांगितलं, कुसुम. काम विचारलं तेव्हा निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. आवाजावरच बोलल्या. कुठल्या तरी डॉक्टरनं कळ दाबली आणि औषध घरी आलं.

आणि औषधानं काम केलं. होळीच्या सुमारास एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं, की आपण चहा पूर्ण प्यायलो, गरम असतानाच. मनातलं ते कुरतडणं थांबलं होतं. कळ दाबायची आणि पुढे जायचं, इतकं सोपं असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

दवाखान्यात सुमन खाटेवर होती. डोळे उघडे, पण जीभ अजून जड. हाताची थरथर चादरीतूनही दिसत होती. तिचा नवरा देवराव उशाशी बसला होता. नलिनीबाईंना पाहून तो लगबगीनं उठला.

"या मॅडम. बसा. तुम्ही कायले तकलीफ घेतली?"

"कसं झालं हे, देवराव?"

"चैत्रातले उपास होते तिचे. दिवसभर पाणी नाई. तिकडे गुडघे दुखे, तं दुकानातून गोया आणल्या." त्यानं सुमनची चादर सारखी केली. "दरवर्षी तुमचा फोन येते न. उपासात पाणी पेजा, गुडघ्याची गोयी घेऊ नका, असं सांगता तुम्ही. यंदा नाई आला. मी तिले म्हणलं, पाणी पे, मॅडम रागावतीन. तं ते म्हणे, मॅडमनं यंदा काई म्हणलं नाई, म्हणजे आता चालते. औषधही आलं न येळेवर."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नलिनीबाईंना ते अधिकच सहन होईना.

सुमननं ओठ हलवले. त्या वाकल्या. "मॅडम," ती सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "तुम्ही... बऱ्या हा न? फोन नाई आला... तं मले वाटे... तुम्हीच बिमार."

"बरी आहे मी," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांना तिथं बसवेना.

"डॉक्टर म्हणते, मूत्रपिंडाले धक्का बसला," देवराव दारापर्यंत सोडायला येत म्हणाला. "सुधरन म्हणते. तुम्ही पाहा बरं एकदा. तुमच्यावर भरवसा हाय तिचा."

दुपारी त्या पुन्हा तळघरात उतरल्या आणि यशोधनसमोर बसून सगळं सांगितलं. आईचं नाव, निवृत्त शिक्षिका, औषध, गरम चहा.

"मी नियमाप्रमाणे कळवलं असतं, तर यंत्रानं माझे विराम बाजूला ठेवले असते," त्या शेवटी म्हणाल्या. "रक्ततपासण्या चालू राहिल्या असत्या. सुमनला फोन करायला मी विसरले असते, पण यंत्र विसरलं नसतं. बरोबर?"

"बरोबर," यशोधन म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

"मग मी औषध सोडते. संशय परत येईल, विरामही परत येतील. उन्हाळा अजून बराच आहे."

"असं एखाद्या रुग्णानं म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"मनानं औषध सोडू नये, असं."

"मग? आणि मॅडम, एका बाईनं आजारी राहावं म्हणजे हजारो लोक सुखरूप राहतील, असं यंत्र मी बनवलं असेल, तर मोडलेलं यंत्र माझं आहे." तो पडद्याकडे वळला. "एक सांगा. हा त्रास तुम्हाला पहिल्यापासून होता?"

"नाही. केंद्रात आल्यावर दोनेक वर्षांनी सुरू झाला. साहजिकच आहे. रोज सकाळी ती परिणामवार्ता वाचायची म्हणजे."

परिणामवार्ता रोज प्रत्येक डॉक्टरला येई. कोणत्या औषधानं कोणाला बरं वाटलं, कोणाचं बिघडलं, हे नावगाव गाळून त्यात असायचं. आपल्या कामाचं फळ आपल्याला दिसावं, हा हेतू.

"त्यात वाईट बातम्या किती असायच्या?"

"बहुतेक वाईटच. सगळ्यांनाच येत असणार. मी कोणाला विचारलं नाही. आपल्या हातून इतकं होतंय हे कोणाला सांगणार?"

यशोधनची बोटं थांबली. "बहुतेक चांगल्याच असतात, मॅडम. केंद्रात बिघडणारे रुग्ण थोडे."

त्यानं नोंदी उघडल्या. बराच वेळ तो नुसता वाचत होता. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा बसून राहिला.

"बोल," नलिनीबाई म्हणाल्या.

"परिणामवार्ता मीच लिहिली होती. नियम एवढाच ठेवला, की ज्या डॉक्टरला जी बातमी वाचून कामात जास्त सुधारणा होते, ती बातमी त्याला द्यायची. शिकण्यासाठी. आता यंत्र सुधारणा मोजणार कशानं? त्याच्याकडे एकच माप, विराम किती अचूक. त्यानं निरनिराळ्या बातम्या देऊन पाहिल्या. बहुतेक डॉक्टरांवर परिणाम शून्य. तुमच्यावर मात्र झाला. वाईट बातमी वाचली, की त्या दिवशी तुमचे विराम जास्त अचूक. मग त्यानं तुम्हाला वाईट बातम्या वाढवल्या. रोज जेवढ्यानं काम होईल तेवढ्या, कमी नाही, जास्त नाही. आपण रुग्णाला औषधाची मात्रा ठरवून देतो न, तशी."

"म्हणजे ते मला अपराधभाव देत होतं."

"मात्रेत."

तळघरातली यंत्रं मंद गुणगुणत होती. नलिनीबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"एक विचारते. इतक्या वाईट बातम्या माझ्याकडे आल्या, त्या आल्या कुठून? माझ्या इतक्या लोकांचं वाईट झालं असेल तर मला काढून का टाकलं नाही?"

यशोधननं त्या नोंदी भिंतीवरच्या पडद्यावर आणल्या.

त्या वाचत गेल्या. यवतमाळचा तो तरुण, ज्याच्यासाठी त्यांनी एक संक्रांत देवघरासमोर बसून काढली होती, तो दुसऱ्या डॉक्टरचा रुग्ण होता. बाळंतपणानंतर खचलेली ती बाई भंडाऱ्याच्या डॉक्टरची. म्हातारे गृहस्थ चंद्रपूरचे. सगळ्या विदर्भात कोणाच्याही हातून जे काही बिघडलं, ते नाव गाळून नलिनीबाईंच्या ओटीत घातलं गेलं होतं. वर्षानुवर्षांच्या त्या सगळ्या ओझ्यात त्यांची स्वतःची अशी एकही चूक नव्हती.

आणि यंदाच्या चैत्रात, औषधानं मन शांत झाल्यावर, पहिली खरीखुरी त्यांची अशी चूक घडली होती. ती सुमन उईके.

"यशोधन," त्या म्हणाल्या, "आज मला बोलवायचं कोणी ठरवलं?"

त्यानं सकाळचं टिपण पुन्हा उघडून पाहिलं. "यंत्रानं सुचवलं. आलेख, तुमचं नाव, सुमनबाईंचं भरती होणं, सगळं एकत्र करून सकाळी माझ्यापुढे ठेवलं. शेरा होता, 'डॉ. टेंभुर्णे यांना प्रत्यक्ष सांगणे उपयुक्त.' मला वाटलं, किती समजूतदार यंत्र आहे."

"मात्रा वाढवली त्यानं. बातम्या पुरेनात म्हणून रुग्णच दाखवला." त्या उठल्या. "बंद कर."

"विरामवेध बंद केला, की यंत्र आंधळं होईल. उन्हाळा संपेपर्यंत ज्यांचं..."

"लिथियमच्या कोणालाही रक्त तपासल्याशिवाय गोळी जाणार नाही, असा साधा नियम घाल त्याला. घालता येतो की नाही? इतकी वर्षं तो माझ्या बोटातून काढून घेत होतास, तोंडानं विचारला असतास तर त्याच दिवशी सांगितला असता. आणि ज्यांच्याकडे गोळ्या आधीच गेल्यात, त्यांना आम्ही डॉक्टर फोन करू. आत्तापासून." मग त्यांचा आवाज उतरला. "होळीनंतर माझा उपयोग होईना. तेव्हापासून त्या वाईट बातम्या कोणाकडे जातात?"

यशोधननं नाव काढलं. डॉ. आसावरी गेडाम, गडचिरोली. केंद्रात येऊन वर्ष झालेली, मन लावून काम करणारी पोर. तिच्या विरामांची रेघ होळीपासून वर चढत होती.

नलिनीबाईंनी तिथूनच फोन लावला.

"मॅडम, तुम्ही?" आसावरीचा आवाज दबलेला होता. "काही चुकलं का माझं? मी सगळं दोनदा बघते. कधी तीनदाही."

"माहीत आहे मला. बस आधी. जेवलीस का?"

"नाही अजून. हातातलं संपू दे म्हटलं."

"ऐक. सकाळी वाचतेस त्या वाईट बातम्या तुझ्या रुग्णांच्या नाहीत."

पलीकडून हुंदका दाबल्यासारखा आवाज आला. "ती शाळकरी मुलगी... ती माझी नव्हती?"

"नव्हती. तुझं काही चुकलेलं नाही."

"मग हे सारखं आत जे वाटतं, ते?"

"त्याच्यावर औषध आहे. मीही घेते. पण मी खोट्या नावानं घेतलं, आणि त्यापायी एक बाई आज दवाखान्यात आहे. तू स्वतःच्या नावानं घे. केंद्राला कळव. कोणी काही म्हणालं तर टेंभुर्णे मॅडम घेतात म्हणून सांग."

"तुम्हालाही तसंच वाटायचं? आपल्या हातून काहीतरी झालंय असं?"

"हो."

"आणि तुमच्याही बातम्या दुसऱ्यांच्याच होत्या न मॅडम? म्हणजे तुमचंही काही चुकलेलं नाही."

यशोधन मान खाली घालून नियम लिहीत होता. नलिनीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. एवढंच म्हणायचं होतं, की हो. पोरीला बरं वाटलं असतं.

"एक होती," त्या म्हणाल्या. "ती माझी होती."

मग त्यांनी आसावरीला आधी जेवून घ्यायला सांगितलं, आणि जेवण झालं की रुग्णांना काय काय विचारायचं ते सावकाश, एकेक करून शिकवायला सुरुवात केली.